चेंडू मागून घेणारा

त्या सकाळी नागपूरला जायचे की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि असा काही प्रश्न आहे, हेच घरात कोणी उच्चारत नव्हते. गाडी दहाला सांगितली होती. सूनबाईने आदल्या संध्याकाळीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तीत दोन चादरी, जुने टॉवेल, प्लास्टिकचे टमरेल, ओकारीच्या गोळ्या आणि थर्मास एवढे सामान होते. प्रवासाची पिशवी पाहून माणसाला कुठे जायचे ते कळते. ती पिशवी पाहून कोणालाही सगळे कळले असते.

माझा धाकटा भाऊ तीस-पस्तीस वर्षे अमेरिकेत अभियंता होता. पत्नी गेल्यावर तो हिंदी मुलखातल्या, चेरीतालच्या आमच्या घरी परत आला, आणि पुढे वर्षभरातच त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. औषध शिरेतून चढवण्यासाठी आम्ही दर पंधरवड्याला सिवनीमार्गे नागपूरला जात असू. माझा मुलगा नोकरीसाठी भोपाळला, भावाचा मुलगा अमेरिकेत. म्हणून सोबतीला मी. उतारवयातल्या माणसाने आजाऱ्याला धरून न्यायचे म्हणजे दोघांनी एकमेकांना धरायचे, इतकेच.

मागच्या खेपेला तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावले. आजार यकृतात पसरला होता. ते म्हणाले, "औषध चालू ठेवलं तर काही दिवस जास्त मिळतील, पण ते असेच जातील. बंद केलं तर कमी मिळतील, पण घरी मिळतील. घरात तुम्ही मोठे आहात. ठरवून सांगा."

मी म्हणालो, "ज्याचा देह आहे त्याने ठरवावं."

हे उत्तर मला तेव्हा धर्माला धरून वाटले होते. परतीच्या वाटेवर मी भावाला डॉक्टरांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले आणि विचारले, "पुढच्या वेळेला यायचं ना रे?" तो खिडकीला डोके टेकून बसला होता. म्हणाला, "येऊ न दादा. तुम्ही म्हणाल तसं." त्यानंतर थोड्याच वेळाने त्याला पोटात असह्य कळ आली, गाडी थांबवेपर्यंत धीर धरवला नाही आणि कपडे खराब झाले. रस्त्याच्या कडेला, ट्रक जात असताना, मी आणि ड्रायव्हरने चादरीचा आडोसा धरला. सबंध आयुष्य इस्त्रीचा शर्ट घालून वावरलेला तो माणूस ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा म्हणत होता, "माफ करना भैया, सीट खराब हो गई." ड्रायव्हर म्हणाला, "अरे बाबूजी, सीट तो धुल जाएगी." 

मी त्याच्यासाठी मृत्युंजयाचा जप धरला होता. पहाटे स्नान करून, ओंजळीत पाणी घेऊन मी रोज त्याच्या दीर्घायुष्याचा संकल्प सोडत असे. संकल्प म्हणजे देवापुढे दिलेला शब्द. तो मध्येच टाकता येत नाही, असे मला माझ्या गुरुजींनी शिकवले आणि मी पुढे विद्यार्थ्यांना शिकवले. जप चालू असताना औषध बंद करणे म्हणजे एका हाताने मागायचे आणि दुसऱ्या हाताने नाकारायचे, असे मला वाटे. त्यामुळे "यायचं ना?" असे मी त्याला पहिल्यापासून दर खेपेला विचारत होतो, आणि तो दर वेळी "येऊ न" म्हणत होता.

त्या सकाळी पूजा आटोपून बाहेरच्या खोलीत आलो तर तो खुर्चीत उशांच्या आधाराने बसलेला, आणि समोर माझ्या पोथीच्या लाकडी ठवणीवर त्याचा टॅबलेट. ठवणी वापरायची परवानगी त्याने मागेच घेतली होती. "तुमची पोथी हलवली नाही दादा, रिकामी होती म्हणून," असे तेव्हा चोरी पकडल्यासारखा म्हणाला होता.

आपल्याकडे सकाळ असते तेव्हा त्याच्या त्या शहरात आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तिथे व्यावसायिक बेसबॉलचे सामने होतात. मुलाने त्याला घरबसल्या ते बघण्याची सोय करून दिली होती, आणि त्याच्या शहराच्या संघाचा सामना असला की तो उठून बसण्याचा हट्ट धरी. एरवी आता तो कशाचाच हट्ट धरत नसे.

"दादा, बसा न. आज दोन्हीकडून चांगले पिचर आहेत."

पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, इतपत मला ठाऊक झाले होते. मैदानाच्या मध्यभागी मातीचा एक लहानसा उंचवटा असतो, त्यावर तो एकटा उभा राहतो. क्रिकेटसारखा चेंडू टप्पा खात नाही. सरळ फलंदाजाच्या अंगावरून, पलीकडे बसलेल्याच्या हातमोज्यात जातो. भावाच्या संघाचा पिचर वयाने थोराड, डावखुरा, दाढीवाला होता. त्याच्या चेंडूला फार वेग नव्हता, पण फलंदाज बॅट फिरवी तेव्हा चेंडू तिथे नसे. पाहुण्या संघाचा पिचर उंच, कोवळा पोरगा. त्याचा चेंडू दिसायचाच नाही, फक्त मोज्याचा आवाज ऐकू यायचा.

सूनबाई वाटी घेऊन आली. "काका, पेज आणली आहे. दोन चमचे तरी घ्या न."

"ठेव इथं. हा डाव होऊ दे."

"मागच्या डावालाही हेच म्हटलं तुम्ही. काहून असं करून राहिले? गाडीत रिकाम्या पोटी किती त्रास होते ते विसरले का?"

"विसरलो नाही ग बाई. म्हणून तर घेत नाही."

ती वाटीवर झाकण ठेवून आत गेली. त्याच्या तोंडात आतून सगळीकडे चट्टे उठले होते. पाणीही काचेसारखे लागते, असे तो एकदा म्हणाला होता. तळहातांची कातडी सोलली होती. तरी पडद्यावर फलंदाज चुकला की त्याची बोटे खुर्चीच्या हातावर हलकेच आपटत.

तासभर झाला तरी दोन्हीकडे शून्यच. मी म्हणालो, "इतका वेळ झाला, कोणी काहीच करत नाही. एवढे पैसे कशाचे देतात यांना?"

तो हसला. हसल्यावर खोकला आला, तो थांबायची वाट पाहावी लागली. मग म्हणाला, "काहीच होऊ द्यायचं नाही दादा, हेच तर त्याचं काम आहे. तुमच्या न्यायशास्त्रात नाही का, एखादी गोष्ट नसणं हीसुद्धा एक गोष्टच आहे?"

मी चमकलो. तो इंजिनिअरिंगला जाण्याआधी मीच त्याला काही महिने न्यायाचे प्राथमिक पाठ दिले होते. भुईवर घडा नाही, हे आपण पाहतो तेव्हा नुसती भुई पाहत नाही, घड्याचे नसणेही पाहतो. अभावालाही तिथे पदार्थाचे स्थान आहे. त्यावेळी तो जांभया देत असे. इतक्या वर्षांनी, अशा जागी ते त्याला आठवले होते. मग मीही त्या शून्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. एकेक फलंदाज येई, माती पायाने सारखी करी, बॅट खांद्यावर घेई, आणि परत जाई. मातीच्या उंचवट्यावरचा तो दाढीवाला माणूस एकेका चेंडूने काहीतरी न होणे उभे करत होता. त्याचा चेहरा घामाने भिजला होता. दोन चेंडूंमध्ये तो आता जास्त वेळ घेऊ लागला होता.

बाहेर गाडी येऊन थांबली. ड्रायव्हरने दारातून डोकावून विचारले, "बाबूजी, चलें? बरगी के आगे रोड का काम चल रहा है, टाइम लगेगा."

"थोड़ा रुको भैया," भाऊ म्हणाला. "मैच खतम होने दो."

"कौन खेल रहा है?"

"तुम नहीं पहचानोगे."

ड्रायव्हरने पडद्याकडे थोडा वेळ पाहिले. "इंडिया नहीं है? फिर काहे का मैच," असे म्हणून तो बाहेर जाऊन गाडीची काच पुसू लागला.

नऊपैकी आठव्या डावात दाढीवाल्याचे चेंडू भरकटू लागले. एका फलंदाजाला त्याने लागोपाठ चुकीचे चेंडू टाकले आणि त्याला फुकट पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, मिळाला. तेव्हा कडेच्या छपरीतून एक म्हातारासा माणूस, गणवेश घातलेला, सावकाश चालत मैदानात आला. तो संघाचा मॅनेजर, असे भावाने सांगितले. उंचवट्यापाशी येऊन त्याने पिचरकडे धड पाहिलेही नाही. नुसता उजवा हात पुढे केला. दाढीवाल्याने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला आणि खाली मान घालून निघून गेला. सगळे लोक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

"काढला त्याला?" मी म्हणालो. "इतका वेळ एकट्याने सांभाळलं, आणि एक चूक झाली म्हणून?"

"चूक झाली म्हणून नाही. थकला म्हणून."

"मग त्याला विचारायचं तरी."

तोवर नवा पिचर आला, त्याने उरलेला फलंदाज बाद केला. अजूनही शून्याला शून्य.

मग पाहुण्यांच्या त्या कोवळ्या पोराची पाळी आली. तोही थकला होता, हे मलासुद्धा कळत होते. चेंडूचा आवाज आता तितका कोरडा येत नव्हता. दोन फलंदाज बाद झाले, पण त्याआधी एकाने लांब फटका मारून दुसरा बेस गाठला होता. त्यांचाही मॅनेजर मैदानात आला. हा मात्र पोराच्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागला. तोंडावर टोपी धरून त्याने काहीतरी विचारले. पोराने जोरजोराने होकाराची मान हलवली. मॅनेजरने त्याची पाठ थोपटली आणि रिकाम्या हाताने परत गेला.

"हे बरं केलं," मी म्हणालो. "याने मान राखला."

पुढच्याच चेंडूवर फलंदाजाने बॅट लावली. फटका काही मोठा नव्हता. जवळच्या खेळाडूंच्या डोक्यावरून चेंडू मऊ गवतात पडला. पण दुसऱ्या बेसवरचा माणूस धावत घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परत पोचला. एक धाव. पोरगा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकून उभा राहिला. कॅमेरा बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावर होता.

आपला संघ पुढे गेला तरी भाऊ आनंदला नाही. तो त्या पोराकडेच पाहत होता. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "त्यानं विचारलं, तिथंच चुकलं. पिचरला विचारायचं नसतं दादा. विचारलं की तो होच म्हणतो. मी इतकी वर्षं पाहून राहिलो, नाही म्हणणारा एक पाहिला नाही."

"मग करायचं काय?"

"हात पुढे करायचा."

शेवटचा डाव लवकर संपला. एक विरुद्ध शून्य. खेळाडू एकमेकांच्या पाठी थोपटत होते. भावाने टॅबलेट बंद केला, ठवणीवरून उचलून बाजूला ठेवला आणि सूनबाईला हाक मारली, "मोजे दे बेटा. चला, निघू."

आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. भाषेत हिंदी मिसळली, पण ही रीत अभंग राहिली. वडील माणूस धाकट्याला काही विचारतो तेव्हा ते उत्तरासाठी विचारलेले नसते. निर्णय झालेला असतो. विचारणे हा फक्त तो सांगण्याचा सभ्य प्रकार. वडील आम्हाला विचारीत, "गणित घेशील ना?" आणि आम्ही गणित घेत असू. वडिलांनंतर ती जागा माझ्याकडे आली. भावाने अमेरिकेत घर घेताना मला फोन करून विचारले होते, "दादा, घेऊ का?" मी ते शहर पाहिलेले नव्हते, घर पाहिलेले नव्हते. "घे," म्हणालो. आणि त्याने घेतले. उभ्या जन्मात त्याने मला एकदाही "नाही" म्हटलेले मला आठवत नाही.

मी दर पंधरवड्याला त्याला विचारत होतो. त्याच्यावर काही लादू नये म्हणून विचारत होतो. आणि तो, मी सांगतो आहे असे समजून, पिशवीतल्या त्या टमरेलासकट गाडीत बसत होता.

हे एवढे सगळे त्या खोलीत उभे असताना माझ्या मनात आले असे नाही. तेव्हा फक्त इतकेच दिसले, की तो खाली वाकून एक मोजा अर्ध्यावर चढवून थांबला आहे, कारण पुढचे त्याला जमत नाही.

मी म्हणालो, "बस. आज जायचं नाही. आणि यापुढेही नाही."

सूनबाई दुसरा मोजा हातात घेऊन उभीच राहिली. त्याने वर पाहिले. पिवळे झालेले ते डोळे बराच वेळ माझ्यावर होते.

"बरं, दादा," तो म्हणाला.

अर्धा चढवलेला मोजा मी काढला. बाहेर जाऊन ड्रायव्हरला जायला सांगितले. "तबीयत ज्यादा खराब है क्या बाबूजी?" त्याने विचारले. मी म्हणालो, "हाँ भैया. अब नहीं जाएँगे." त्याने हात जोडले. गाडी वळवताना हॉर्नही वाजवला नाही.

पुतण्याला मीच फोन केला. तिकडे रात्र झाली होती. तो तिथेच वाढलेला. मराठी त्याला समजते, पण बोलताना शब्द शोधावे लागतात. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, "काका, बाबांना विचारलं का तुम्ही? त्यांनी म्हटलं, बंद करा?"

"नाही. विचारलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

त्यानंतर तो मराठी सोडून त्याच्या भाषेत बोलू लागला. मला त्यातले निम्मे समजले. निम्मे पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओंजळीत पाणी घेतले आणि थांबलो. दीर्घायुष्याचा शब्द तोंडातून निघेना. गुरुजींचे शिकवणे खोटे पडू नये म्हणून मी संकल्प मोडला नाही. फक्त त्यातले मागणे बदलले. या जीवाला यातना कमी होवोत, एवढेच म्हणून पाणी सोडले. असे करता येते का, हे मला शास्त्रात कुठे पाहिल्याचे आठवत नाही, आणि मी शोधलेही नाही.

डॉक्टर म्हणाले होते तसेच झाले. कमी दिवस मिळाले, घरी मिळाले. पण घरी म्हणजे सुखात, असे मात्र झाले नाही. वेदना शमवणारे चिकट पट्टे छातीला लावत होतो, ते पुरत नसत. पोटात पाणी भरले. ओकारी थांबली, आणि काही दिवस तो दोन चमचे वरणाचे पाणी घेई, हीच काय ती मिळकत. सामने चालू होते. सुरुवातीला तो बघे, मग नुसता आवाज ऐके, मग तेही नको म्हणाला. पुतण्या आला तेव्हा तो बोलण्यापलीकडे गेला होता. मुलाचा हात त्याने ओळखला असावा, असे सूनबाई म्हणते. मी तिथे होतो. मला तसे सांगता येत नाही.

नदीकाठच्या ग्वारीघाटावर सर्व विधी झाले. पुतण्याने सांगितले ते सगळे मुकाट्याने केले, मंत्र मी म्हणेन तसे तुटक तुटक म्हटले, आणि तेरा दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलला. निघण्याच्या दिवशी, सामान बाहेर ठेवून झाल्यावर, तो माझ्यासमोर येऊन बसला.

"काका, त्या दिवशी तुम्ही सांगितलं, जायचं नाही. तेव्हा बाबा काय म्हणाले?"

"‘बरं, दादा’ म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे त्यांना पण तेच पाहिजे होतं?"

मी त्याला सामन्याचे सांगू शकलो असतो. पिचरला विचारायचे नसते, असे तुझे वडील म्हणाले होते, असे सांगू शकलो असतो. पण ते बोलणे त्याने त्या कोवळ्या पोराविषयी केले होते की स्वतःविषयी, हे मला त्या दिवशी जितके स्पष्ट वाटले होते तितके आता वाटत नव्हते. आणि मी "चल" म्हणालो असतो तरी तो "बरं, दादा" म्हणूनच उठला असता.

"ठाऊक नाही, बाळ," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. वाकून नमस्कार केला, पण पायांना हात न लावता, आणि स्टेशनला जाण्यासाठी निघाला.